फावल्या वेळाचा हिशेब

दोन महिन्यांपूर्वी घरातल्या एका लग्नात माझी मामेभावजय माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या मांडीवर नेहमीप्रमाणे क्रोशाची सुई आणि अर्धवट झालेला एक चौकोन होता. तिने तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "आपा, नवीन घरात डबल बेड घेतलाय. त्याच्यावर टाकायला असली एक चादर करून द्या ना." मी म्हटलं, "अगं, त्याला फार वेळ लागतो." त्यावर ती हसून म्हणाली, "तुमना क्या वक्त लगता? बैठे बैठे तो करते तुम."

ती प्रेमानेच बोलली होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. 'बसल्या बसल्या' केलेल्या कामाला वेळ लागत नाही, असं आपल्याला का वाटतं? आणि असं वाटणाऱ्यांत मीही होतेच की. वीस वर्षं मी चौकोन विणते आहे आणि एका चादरीला किती तास लागतात हे मी कधी मोजलं नव्हतं. त्या रात्री घरी आल्यावर मी एक जुनी डायरी काढली आणि मोजायला सुरुवात केली. हा लेख त्या डायरीतून निघाला आहे.

ज्यांनी क्रोशा हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी आधी चौकोनाविषयी थोडं सांगते. चार साखळ्यांचा एक लहानसा गोल करायचा. त्या गोलात तीन-तीन खांबांचे चार गुच्छ घालायचे आणि प्रत्येक गुच्छानंतर कोपऱ्यासाठी दोन साखळ्या. पहिली फेरी झाली. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गुच्छ आणि त्यांच्यामध्ये पुन्हा दोन साखळ्या, म्हणजे चौकोन चारी बाजूंनी वाढत जातो. पाच फेऱ्या झाल्या की साधारण पाच इंचांचा चौकोन तयार. इंग्रजीत याला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात, म्हणजे आजीबाईंचा चौकोन. अशा चौकोनाची कृती १८८५ साली अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या पत्रात छापली गेली होती. उरलेसुरले धागे वाया जाऊ नयेत आणि त्यातून घराला ऊब मिळावी, हा त्यामागचा साधा हिशेब.

या चौकोनाची खरी गंमत त्याच्या आकारात आहे. अख्खी चादर एकसंध विणायला घेतली तर चार दिवसांत तिचं ओझं मांडीवर मावत नाही. उन्हाळ्यात तर ती हातात धरवत नाही. चौकोन मात्र पर्समध्ये बसतो. एक सुई, एक लहान गुंडा आणि झालेले चार चौकोन एवढाच संसार. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. जाताना एसटीत पन्नास मिनिटं आणि येताना पन्नास मिनिटं. जाताना दोन चौकोन होतात, येताना दोन. गाडीने गचका दिला, कंडक्टर आला, शेजारच्या बाईने बाळ मांडीवर दिलं, तरी बिघडत नाही. चुकलंच तर उसवायचं ते एका चौकोनाचं, पूर्ण चादरीचं नाही.

बाईचा दिवस असाच तुकड्यातुकड्यांचा असतो. दूध उतू जाण्याआधीची दहा मिनिटं, रेशनच्या रांगेतली अर्धा तास, सरकारी दवाखान्यात नंबर येईपर्यंतचे दोन तास. अम्मीने आमच्या घरातल्या साऱ्या वस्तू याच तुकड्यांमधून केल्या. टीव्हीवरचा रुमाल, उशांचे अभ्रे, माठावरचं झाकण, अब्बांच्या नमाजाच्या टोप्या. शेजारच्या काकूंच्या दारावर अम्मीने विणलेलं तोरण होतं आणि त्यांच्या मुलीच्या रुखवतात अम्मीचा टेबलक्लॉथ मांडला होता. त्याचे पैसे अम्मीने घेतले नाहीत आणि काकूंनीही विचारले नाहीत. पण होळीला पुरणपोळ्यांचा डबा आमच्याकडे न चुकता यायचा आणि अम्मी आजारी होती तेव्हा महिनाभर आमचा स्वयंपाक काकूंनी सांभाळला. तो हिशेब वेगळा होता आणि तो कुठेही थकला नाही. त्याला मी या लेखात हात लावणार नाही. मला बोलायचं आहे ते दुसऱ्या हिशेबाविषयी.

तर डायरी. डबल बेडच्या चादरीचा आकडा पाहून मीच घाबरले, म्हणून सिंगल चादरीचा हिशेब मांडला. साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब. पाच इंचांचे चौकोन आडवे बारा आणि उभे अठरा, म्हणजे २१६ चौकोन. माझा हात बसलेला आहे, तरी एका चौकोनाला वीस मिनिटं लागतात. म्हणजे नुसते चौकोन विणायला ७२ तास. माझ्या एसटीच्या हिशेबाने रोज चार, म्हणजे कामाचे ५४ दिवस.

इथे काम संपत नाही. तीन रंगांच्या एका चौकोनाला धाग्याची सहा टोकं असतात. ती सुईने आत ओवून लपवली नाहीत तर पहिल्याच धुण्यात चौकोन सुटायला लागतो. २१६ चौकोनांची १,२९६ टोकं होतात आणि त्यांना सुमारे अकरा तास लागतात. मग जोडणी. बारा बाय अठराच्या मांडणीत चौकोनांच्या एकमेकांना भिडणाऱ्या कडा ४०२ भरतात. एका कडेला दोन मिनिटं धरली तरी तेरा तास. शेवटी चारी बाजूंनी मुक्या खांबांची किनार, चार तास. बेरीज करा. बरोबर शंभर तास होतात. चौकोन मांडून, रंग जुळवून पाहायला फरशीवर घालवलेल्या संध्याकाळी यात धरलेल्या नाहीत.

चौकोन एसटीत होतात, जोडणी मात्र एसटीत होत नाही. तिला सपाट जागा लागते, उजेड लागतो आणि कुणी हाक मारणार नाही असा वेळ लागतो. म्हणूनच पुष्कळ घरांत चौकोनांच्या पिशव्या भरलेल्या असतात आणि चादर कधीच होत नाही. माझ्याही कपाटात अशी एक पिशवी आहे. नव्याने शिकणाऱ्यांना मी सांगते, चादरीने सुरुवात करू नका. उशीचा अभ्रा करा. पंधरा-सोळा इंचांच्या उशीला पुढून नऊ आणि मागून नऊ, असे अठरा चौकोन पुरतात आणि आठवड्यात काम हातावेगळं होतं. चौकोन झाला की त्याच दिवशी टोकं ओवा, साठवू नका. प्रत्येक चौकोन पुठ्ठ्याच्या एकाच मापावर ठेवून पाहा. गरम भांडं धरायचं फडकं करायचं असेल तर सुती धागाच वापरा. बाजारात मिळणारी स्वस्त लोकर बहुतेक अॅक्रेलिकची असते आणि ती उष्णतेने वितळते, हात भाजतो.

मापाची गोष्ट मी ठेच खाऊन शिकले आहे. माझी पहिली चादर मी, खाला आणि मावसबहीण अशा तिघींनी मिळून विणली होती. धागा एकच, सुई एकाच नंबरची. पण खालाचा हात घट्ट, बहिणीचा सैल. जोडायला घेतली तेव्हा कुणाचा चौकोन साडेचार इंचांचा, कुणाचा साडेपाच. ती चादर आजही मधूनच फुगते. आता मी प्रत्येकीला चार फेऱ्याच करायला सांगते आणि पाचवी फेरी एकाच हाताने घालून त्याच फेरीत चौकोन जोडत जाते. माप एकसारखं येतं आणि शेवटचं शिवणही वाचतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या मोहल्ल्यात एक मुलगी आहे. तिचं नाव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोहल्ल्यातल्या मुलींना क्रोशा शिकवला. पंधरा-सोळा जणी होत्या. ही सगळ्यांत हुशार. आठ दिवसांत तिचा चौकोन माझ्यापेक्षा सुबक यायला लागला. मला कोण अभिमान वाटला. पुढे शहरातला एक व्यापारी मोहल्ल्यात माल द्यायला लागला. धागा त्याचा, नमुना त्याचा, एका चौकोनाला पाच रुपये. ही मुलगी घरात बसून चौकोन करू लागली. आधी दिवसाला पाच, मग दहा, मग पंधरा. अकरावीत असताना ती वर्गात जाण्याआधी बसस्टॉपवर विणायची. बारावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिच्या आईने मला सांगितलं, "आता कशाला बाहेर पाठवायचं? घरबसल्या चार पैसे मिळतायत. इज्जतीचं काम आहे."

मी त्या दिवशी काही बोलू शकले नाही. ते काम मीच तिला शिकवलं होतं. ज्या गुणासाठी मी चौकोनाचं कौतुक करते, तोच गुण इथे उलटला होता. कुठेही नेता येतं, कधीही करता येतं, म्हणून ते तिच्या अभ्यासाच्या वेळेतही शिरलं. तिच्या बॅगेत जिथे पुस्तक असायचं तिथे आता लोकरीची पिशवी होती.

मग मी तिचा हिशेब तिच्याचसमोर डायरीत मांडला. २१६ चौकोनांचे पाच रुपयांप्रमाणे १,०८० रुपये. टोकं ओवण्याचे आणि जोडणीचे वेगळे ४०० रुपये. एकूण १,४८०. तास शंभर. म्हणजे तासाला पंधरा रुपयेही पडत नाहीत. आठ तासांचा दिवस धरला तर ११८ रुपये. तिने आकडा दोनदा तपासला. शहरातल्या एका प्रदर्शनात अशाच चादरीवर मी साडेसहा हजारांची चिठ्ठी पाहिली होती. तेही तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं मी टीव्ही बघते, सोबत विणते. त्यामुळे ते फुकटच होतं."

हे 'फुकटच होतं' फार जुनं आहे आणि ते एका मोहल्ल्याचं नाही. आयर्लंडमध्ये १८४५नंतर बटाट्याचं पीक सडलं आणि भीषण दुष्काळ पडला. तेव्हा कॉर्कच्या जोगिणींनी आणि क्लोन्स गावच्या पाद्र्याच्या बायकोने गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. गुलाब, पानं असे लहान नमुने घराघरांत विणले जायचे आणि नंतर जाळीने एकत्र जोडले जायचे. तुकड्यांत काम वाटता येत होतं म्हणूनच झोपडीझोपडीत ते पोहोचलं. त्या लेसने अनेक घरं जगवली हे खरं आहे. ती मिरवली मात्र श्रीमंतांच्या पोशाखांवर.

आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरची हीच गोष्ट आहे. मिशनऱ्यांनी तिथे क्रोशा नेला आणि आजूबाजूच्या गावांत हजारो बायका परदेशी जाणारी लेस विणू लागल्या. इथेही कामाचे तुकडे पडले. कुणी फुलं विणायची, कुणी ती जोडायची. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून संशोधन केलं आणि १९८२ साली 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवून दिलं की या बायका दिवसाचे कित्येक तास राबत होत्या, पण व्यापारी, सरकार आणि घरचे पुरुषही त्यांना कामगार मानत नव्हते. त्या 'गृहिणी' होत्या आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. असं मानलं की मजुरी कमी द्यायला कारण मिळतं. यातल्या अनेक बायका कापू जातीच्या हिंदू होत्या आणि त्या 'गोषा' पाळायच्या. शेतात राबायला जात नाही, घरात बसून विणते, यात घराण्याची प्रतिष्ठा होती. गोषा म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर फक्त आमचे मोहल्ले येतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. मानांकनाने मालाला नाव मिळतं. विणणारीला त्यातून काय मिळालं हे वेगळं विचारावं लागतं.

आमच्या समाजाला हा प्रश्न जास्त लागू आहे. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात नोंद आहे की काम करणाऱ्या मुस्लीम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के घरातूनच काम करतात. सर्व स्त्रियांसाठी हे प्रमाण ५१ टक्के होतं. जरी, शिलाई, अगरबत्ती, विड्या, पापड. घर हाच आमचा कारखाना आहे, फक्त त्याच्यावर पाटी नाही. विडी कामगारांसाठी निदान १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते, ती अपुरी असेल, पण तिच्यासाठी ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी हे शब्द तरी आले, कारण संघटना उभ्या राहिल्या. क्रोशाच्या चौकोनाला असं काहीच नाही. घरी बसून काम करणाऱ्यांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

आणखी एक गोष्ट खरेदी करणाऱ्यांसाठी. यंत्रावर स्वेटर विणता येतो, लेस विणता येते, पण खरा क्रोशा काढणारं यंत्र कारखान्यांत नाही. दोनशे रुपयांना मॉलमध्ये क्रोशाचा टॉप किंवा अभ्रा दिसला तर समजा की तो कुणाच्या तरी बोटांनी विणलेला आहे आणि त्या बोटांना काय मिळालं असेल याचा अंदाज करा.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला म्हणजे भाव मागितला की व्यापारी दुसऱ्या मोहल्ल्यात जाईल. जाईलही. म्हणून एकटीने मागून उपयोग नाही. दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. ही मायेची कला आहे, तिला तासांत काय मोजायचं? बोहरा घरांतल्या बायका पांढऱ्या-सोनेरी टोप्या घरच्या माणसांसाठी विणतात, त्याचा कुणी हिशेब मांडतं का? नाही मांडत आणि मांडूही नये. पण माया कुणावर करायची हे विणणारीने ठरवायचं असतं. व्यापाऱ्याने येऊन तिच्याकडून माया तासाला पंधरा रुपयांनी न्यावी, हे मला मान्य नाही. आणि घरच्यांसाठी विणलं तरी ते शंभर तास होते एवढं घरच्यांना माहीत असावं. माहीत असलं की माया कमी होत नाही.

आमच्या पुरुषांनाही एक सांगायचं आहे. बायको-मुलगी घरात बसून कमावते याचं तुम्हाला समाधान वाटतं. पण त्या कमाईला काम म्हणायला तुम्ही तयार नसता, कारण काम म्हटलं तर तिचा वेळ मानावा लागेल आणि मग चहा स्वतः करून घ्यावा लागेल. माझा मुलगा आठवीत आहे. त्याला मी साखळी आणि खांब शिकवला आहे. त्याचा चौकोन अजून तिरका येतो, पण एक चौकोन करायला किती वेळ लागतो हे त्याला आता कुणी सांगावं लागत नाही.

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातल्या सात जणी माझ्या घरी जमल्या. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येकीने तास लिहून ठेवायचे. टोकं ओवणं आणि जोडणी यांचा दर आधी ठरवल्याशिवाय माल घ्यायचा नाही. आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या हातात ऑर्डरचे चौकोन द्यायचे नाहीत, शिकायला हवे तेवढे शिकू द्यायचे. व्यापाऱ्याने बरीच कुरकुर केली. पाचाचे सात केले आणि जोडणीचे चारशेचे सहाशे. म्हणजे तासाला एकवीस रुपये. हा काही विजय नाही. पण पहिल्यांदाच कुणीतरी भाव मागितला आणि माल दुसऱ्या मोहल्ल्यात गेला नाही.

ती मुलगी यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसावी असा माझा प्रयत्न आहे. फॉर्म आणून दिला आहे. तिची आई नाही म्हणालेली नाही. हो सुद्धा म्हणालेली नाही. मी दर रविवारी जाते.

आणि माझी मामेभावजय? तिला मी सांगितलं की भेट म्हणून उशीचे दोन अभ्रे मनापासून देईन, चादर हवी असेल तर माझे शंभर तास विकत घे, नाहीतर येऊन शीक. तिला आधी राग आला. मग एका दुपारी लोकर घेऊन आली. आता तिचे अकरा चौकोन झाले आहेत. परवा फोनवर म्हणत होती, "आपा, हाथ दुखता जी. एक चौकोन कू आधा घंटा लगता!"

मी तिला म्हटलं, लिहून ठेव.